परक्यांसाठीचा शब्द

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या खुर्च्यांवर एक म्हातारं जोडपं नंबरची वाट बघत होतं.

“दारात त्या माणसाला सॉरी कशाला म्हणालात? तुमच्या पायावर पाय त्याने दिला.”

“सवय आहे गं.”

“मग काउंटरवरच्या मुलीला म्हणालात.”

“ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही म्हणून.”

“शेजारणीचा नवरा गेला, तेव्हा तिलाही तेच.”

“तिथे दुसरं काय म्हणणार?”

“आणि मघाशी खुर्चीला धडकलात, तर खुर्चीलासुद्धा.”

“कोणीतरी बसलंय असं वाटलं. डोळे दाखवायलाच आलोय ना.”

“माझी आई आजारी होती, तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. ती गेली. तेव्हा काही म्हणाला नाहीत. नंतरही नाही.”

“तुला काय सॉरी म्हणायचं? तू काय परकी आहेस?”

“मग आजचा दिवस परकी समजा.”

म्हातारबुवा उठले, भिंत चाचपत पाण्याच्या पिंपापर्यंत गेले आणि पाणी न पिताच परत आले.

“सॉरी हं, बाई. इथे कोणी बसलंय का?”

“नाही. खुर्ची बरीच वर्षं रिकामीच आहे. बसा.”