डोलीला चौथा खांदा

यवतमाळच्या बसस्थानकावर पुंडलिकरावांनी वर्तमानपत्र उघडले होते खरे. परंतु पुसदला चायनीजचा गाडा लावणारे डोमाजी आणि त्यांची पत्नी तुळसाबाई यांनी शेजारच्या बाकावरून त्यांचे कान केव्हाच ताब्यात घेतले होते.

"दिलबहादूरनं नेपाळात लग्नाले बोलावलं का कामाले?" तुळसाबाई विचारत होत्या.

"दोन्हीले. बहिणीची डोली डोंगरावरून उतरवाची हाये, अन् गावात त्याच्यासकट तीनच गडी."

"बाकीचे?"

"कोणी दुबईत, कोणी दिल्लीत. दिलबहादूर सोता दहा वर्सं आपल्या गाड्यावर नूडल्स परतून राह्यला. म्हणून चौथा मी."

"तुमी? सिलिंडर उचलतानी कंबर धरते तुमची! पोरगी दरीत जाईन."

"चौथा नाही भेटला तं नवरी पायी उतरन. फोनवर रडला तो, तुळसा."

"मंग मले काहून नाही इचारलं? तांदळाचे कट्टे कोण उचलते आपल्या घरी?"

"बाई कुठं डोली उचलते काय?"

"गडीच नाहीत तं कोण उचलन? सरका, नागपूरची गाडी लागली."

पुंडलिकरावांनी मान वर केली, तोवर आहेराच्या भांड्यांचे भलेथोरले गाठोडे खांद्यावर टाकून तुळसाबाई गाडीच्या पायरीवर पोहोचल्याही होत्या, आणि मागून धावत, हसू न आवरून डोमाजी ओरडत होते, "अवं, हळू! नवरी बसली हाये त्यात, असं समज!"