रजेच्या अर्जातलं खरं कारण

मी मूळचा कुंडलचा, घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत आणि मी पोलिसात. काय सांगू तुमाला, गेली सहा वर्षं हायवेवरच्या एका ठाण्यात मी हजेरी मास्तर हाय, म्हंजे कुणाला कुठली ड्युटी लावायची ते मी ठरवायचं, आणि रजेचा अर्जबी आधी माझ्या हातात येणार, मग साहेबांकडं.

आमच्यात सगळ्यात नकोशी ड्युटी मयताची. अपघात झाला की पंचनामा करायचा, मयत दवाखान्यात न्यायचं, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला, वर आई न्हाईतर घर असं नाव आलं, की तो आपणच उचलायचा. ह्या ड्युटीचं नाव काढलं की कुणाची कंबर धरायची, कुणाच्या मेव्हण्याचं लगीन निघायचं. एकटा दत्ता कवा न्हाई म्हणला न्हाई. आटपाडीकडचा, मेंढरामागं वाढलेला, बोलणं कमी. मयताचं घड्याळ, चप्पल सगळं पुसून, गाठोडं बांधून नातेवाइकांच्या हातात द्यायचा. पोरं म्हणायची, गड्याचं काळीज दगडाचं हाय. मीबी तेच धरून चाललो, दर बारीला त्याचंच नाव. आवं, मला सोपं पडायचं, दुसरं काय.

एका सकाळी हजेरी झाल्यावर त्यानं अर्ज दिला. महिनाभर रजा. कारण लिहिलं व्हतं, जेवताना फोन वाजला की घास खाली जात न्हाई, झोप न्हाई, मन ठिकाणावर न्हाई. वाचून मी आधी दार लोटून घेतलं. म्हणलं, येड्या, हे वर गेलं तर हत्यार काढून घेत्याल, पोरं जलमभर तुला येडा म्हणत्याल. त्याचा कागद ड्रॉवरमधी टाकला आणि दुसऱ्यावर मीच लिहिलं, पोट बिघडलंय, दोन दिवस. तो म्हणला, दादा, पोट न्हाई वं बिघडलं. मी म्हणलं, सही कर. केली त्यानं. खोटं कशाला बोलू, मला उपकार केल्यागत वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि तासाभरात हायवेवर एक मोटरसायकलवाला अपघातात गेला. सवयीनं मी त्याचंच नाव पुकारलं. तिथं मयताचा फोन वाजाय लागला, दत्तानं तो उचलला न्हाई, उठला आणि चालत्या रस्त्याच्या मधी जाऊन बसला. दोन्ही अंगानं उसाच्या गाड्या. एका ट्रकवाल्यानं गाडी आडवी घातली म्हणून माणूस हाय.

आमच्या साहेब म्हंजे मॅडम. त्यांनी विचारलं, पोटदुखीनं असं होतं व्हय मास्तर? मी ड्रॉवरमधला कागद काढून टेबलावर ठेवला, म्हणलं, हा खरा अर्ज, मी दाबला. वाचून त्या म्हणल्या, तुमी त्याला वाचवत न्हवता, तुमचा ड्युटीचा तक्ता वाचवत व्हता. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच पायजे व्हता. दत्ताला खऱ्या कारणावर रजा मिळाली, मिरजेच्या डॉक्टरची औषधं सुरू झाली.

महिन्यानं मी त्याच्या घरी माफी मागाय गेलो. बायकोनं पाणी ठेवलं आणि तोंड फिरवून आत गेली. तिचं चुकलं न्हाई. दत्ताच म्हणला, दादा, माफी राहू दे, तुमी जेवतासा का? आणि मी, पन्नाशीचा गडी, त्याच्या सोप्यात हुंदके देऊन रडलो. दत्ता जिथं बसला तो रस्ता सारखा डोळ्यापुढं यायचा, झोप तर कवाच गेली व्हती. कुणाला सांगणार?

तो कामावर परत आला तवा मी माझा अर्ज लिहिला, कारण जसं हाय तसं. पोरं म्हणली, मास्तर, पोट बिघडलं काय? म्हणलं, न्हाई, मन. फिदीफिदी हसली. त्यातलाच एक जण दुपारी एकटा आला, म्हणला, दादा, हे लिहायचं कसं वं?

आता तीन आठवडे घरी हाय. डॉक्टरकडं जातो, उसाला पाणी पाजतो, जेवण जातंय. माझ्या खुर्चीवर दत्ता हाय, मयताची बारी आता सगळ्यांना सारखी, पंचनाम्याची कागदं करायला मॅडमबी जात्यात. काल राहवलं न्हाई म्हणून फोन केला, आज बारी कुणाची रं? तर म्हणतो कसा, आवं रजेवर हायसा न्हवं? फोन ठेवा आणि जेवा. ठेवला. देव त्याला औक्ष देवो.