अडीच फुटांचा कठडा

नाही नाही, तांब्याचं छप्पर मागाहून आलं, आधी काँक्रीट ओतलं – नीट लिहून घे. टाऊन हॉल पाडायच्या आधी त्याच्या आठवणी गोळा करताय ना तुम्ही पालिकेवाले, मग निदान खऱ्या तरी करा! जुना टाऊन हॉल लाकडी होता, एका दुपारी दोन तासांत जळून राख – म्हणून महापौर म्हणाले, आता असं बांधा की काडी लावली तरी पेटू नये. सिडनीहून पेंबर्टन साहेब आले, वास्तुविशारद, त्यांनी बांधलं. लोक म्हणतात, बंदरावर टाकलेलं काँक्रीटचं खोकं! म्हणू देत. आत शिरून पाहिलंय कुणी? सकाळी दहाला त्या उभ्या फटींतून ऊन असं जिन्यावर उतरायचं – मी काढलेला जिना, अगं, मी! साहेबांच्या कचेरीत नकाशे काढणारी मी एकटीच बाई. तेवीस वर्षांची.

जिन्यावरचा सज्जा? तोही मीच. त्याचं नको विचारूस. – बरं, विचारलंसच तर... माझ्या नकाशात कठडा साडेतीन फुटांचा होता. साहेब म्हणाले, "मिस हॅलोरन, बसलेल्या माणसाला समोरच्या काचेतून समुद्र दिसत नाही. अडीच करा." केला. लोखंडकाम करायचा आन्ते ब्रालिच – युगोस्लाव्हियातून बोटीनं आलेला, भाषा तोडकीमोडकी – तो नकाशाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. "बाई, हा कमरेलाही लागत नाही. माणूस पडेल." मी काय म्हणाले ठाऊक आहे? "आकडे वाचता येतात ना? मग तेवढाच करा." हसलेसुद्धा वर.

उद्घाटनाला ऊना लिअरी पडली. गाणाऱ्या बायकांतली. सज्जात ही गर्दी, मागून रेटा आला आणि – खाली. माझ्याच जिन्यावर. जागीच गेली. गाणं लगेच थांबलंही नाही गं, मागच्यांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार लावून घेतलं. आन्तेकडचा कागद मागवून घेतला होता, तो माझ्यापुढे टाकला. "हा जाळा. नवा काढा. साडेतीन फूट, तारीख जुनी." दुपारपर्यंत काढला – एक रेघ वाकडी आली नाही, पोरी, तेच मला... चौकशीत विचारलं, "हा नकाशा तुम्हीच काढलात?" मी म्हणाले, "हो." खोटं कुठे होतं? मीच काढला होता! आन्ते ओरडला, "बाई, सांगा ना! मी विचारलं होतं तुम्हाला!" मी आपली हातमोज्यांकडे बघत राहिले. कागदावर साडेतीन, जागेवर अडीच – दोष आन्तेचा. त्याचं काम सुटलं ते सुटलंच. मासळीच्या कारखान्यात बर्फ फोडायचा मग. रस्त्यात दिसले की टोपी काढायचा – टोमणा नव्हता तो, रीत होती त्याची. मी रस्ता बदलायचे. जाऊन एकोणीस वर्षं झाली त्याला. लेक आहे इथेच, स्लावित्सा. अजून सांगते सगळ्यांना, बाबांची चूक नव्हती. लोक मान डोलावतात – वेड्यापुढे डोलावतात ना, तशी.

थांब. ही गुंडाळी बघ. नाही जाळला मी. का? धीर नव्हता – जाळायचाही नाही, दाखवायचाही नाही. हे बघ, अडीच. आणि खाली सही माझी. – तुमच्या दप्तरात? छे! स्लावित्साच्या हातात द्यायचा. मी कशाला येऊ? मी तिच्यासमोर उभी... नाही. नाही जमायचं. अशी बघत काय राहिलीस? घे म्हटलं ना! आणि जा – माझं मन फिरायच्या आत जा. दार ओढून घे.