बादलीभर ओल

— दार लाव, पयले दार लाव! असं सताड उघडं टाकून उभा रायू नको दादा, बाहेरची सारी हवा आत येते. हां. आता बस. खुर्ची नाई इथं, त्या सिमेंटाच्या पोत्यावर बस, काही होत नाई. चौकीदार सांगत आला, 'नत्थुजी, अकोटाकडून तुमचे मोठे भाऊ किसनराव आले', तं मले खरंच नाई वाटलं. म्हनलं, दादा काहाले येते अकोल्याले? दोन वर्सांत नाई आला. — नाई नाई, टोमना नाई मारून रायलो. मीच कुठं गावाले आलो? — जरा जोरानं बोल, या मशीनच्या आवाजात ऐकू येत नाई. दिवसभर हे असंच घुर्र घुर्र. बंद केली तरी कानात तेच वाजत रायते.

हेच ते, ओल वढाची मशीन. ठेकेदारानं मुंबईवरून आनली. खाली चाकं हायेत, या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्या. दवाखान्यानं एक्स-रेसाठी ही नवी खोली बांधली ना, तं मागच्या पावसाळ्यात छत गळलं, अन् चार महिने इथं घोट्याइतकं पानी उभं. फोटो काढाची मशीन तिकडं वऱ्हांड्यात खोक्यात बंद पडून हाये. ओलीत तिचा सत्यानास होते म्हनते. भिंत पुरती वाळल्याबिगर खोकं उघडाचं नाई, अन् भिंत वाळली हे सांगाचं कोनी? म्या! गवंडी हाये म्हनून मले बसवलं इथं. — हासला का तू? नाई ना? मले वाटलं हासला.

तुले वाटन, ओल घालवाची तं खिडक्या उघडाव्या. मलेही तसंच वाटे. पन इथं सारं उलटं हाये बाप्पा. खिडक्या बंद, फटीफटीत कागद कोंबले म्या, मुंगी जाईन एवढी जागा नाई ठेवली. मशीन हवा आत वढते, हवेतली ओल पियते, अन् खाली बादलीत थेंब थेंब सोडते. भिंतीतलं पानी! पयल्या आठवड्यात दिवसाले चार-चार बादल्या भरल्या. अन् पानी कसं? आपल्या खारपानातल्या, जलमभर खारंच पानी पियेल मानसानं सपनात नसन पाह्यलं — मिठाचा कन नाई त्यात. मोटारवाले बॅटरीत टाकाले मागून नेतात. पियाचं नाई म्हनते, पन म्या एकडाव जिभेवर घेऊन पाह्यलं. निरा बेचव, ना गोड ना खारं. नाई तं या दवाखान्याची विहीर पाह्य — आपल्या गावच्यापेक्षा खारट, डाळ शिजत नाई त्या पान्यात.

तं आता तूच सांग, म्या गावाले यावं कसं? दर पाच-सहा घंट्यानं बादली रिकामी करा लागते, नाई तं सांडते, फरशी ओली होते, मंग पुन्हा सारं पयल्यापासून. रोज चार वाजता डॉक्टरसाहेब येतात. दारातूनच बादलीकडं पाह्यतात. पानी दिसलं का म्हनतात, 'अजून नाही का हो नत्थुजी?' अन् जातात. भला मानूस, कधी रागवत नाई. त्याईले सोडून जायाचं म्हनजे — तुह्या शकुनचं लगन हाये, मालूम हाये मले. पत्रिका भेटली, हे पाह्य, इथं खिशातच हाये. उद्या मुहूर्तमेढ, तेही वाचलं. पन पोरीनं असा हट्ट काहून धरावा गा, का काका आल्याबिगर मेढ रोवू नाई देत? गावात मानसं मेली का सारी? मांडवाचा खांबच तं हाये, कोनीही रोवते. तू रोव. सहदेवले सांग, मामा हाये तिचा. — नाई मानत? नाईच माननार. मायवर गेली. वैनीचंही तसंच होतं, एकडाव बोलली का बोलली. मले भाकरीसोबत ठेचा वाढाची अन् म्हनाची, 'भावजी, पुरा खाल्ल्याबिगर उठाचं नाई.' मंग उठाची सोयच नसे.

काय पाह्यतं? तहान लागली? लागनच ना, यष्टीत सारी धूळ खात आला तू. थांब, वऱ्हांड्यात माठ हाये, आनतो — अरे, ते नको, बादलीतलं नको पिऊ — दादा, नको म्हनलं ना!

— थुंक. थुंकून टाक. असं काय पाहून रायला माह्याकडं? — हो. खारं हाये. विहिरीचं हाये, झालं? आता खारपानातल्या मानसाच्या जिभेले काय फसवाचं! डॉक्टर पुन्याचे, ते बादली पाह्यतात, पानी नाई चाखत. आज धरून दहा दिवस झाले. बादली कोरडी ठाक असते दादा, एक थेंब पडत नाई. मशीन नुसती घुरघुरते. म्या तीन वाजता मागच्या दारानं जातो, विहिरीतून अर्धी बादली वढतो, अन् आनून खाली ठेवतो. डॉक्टर पाह्यतात. 'अजून नाही का हो?' — नाई म्हनतो. रोज नाई म्हनतो.

काहून? तू इचारतं मले, काहून? — तू नाई इचारलं, बरं. तू कधीच काही इचारलं नाई, तेच तं. चीनची लढाई झाली त्या सालच्या वैशाखात तू वावरात होता, तवाची गोष्ट हे. म्याच बांधेल आपल्या नव्या घराचा माळा टाकून झाला होता. वैनीनं इचारलं, 'भावजी, भिंत वाळली का? जवारीचे पोते वर चढवाचे हायेत.' अन् मले वरूडले जायाची घाई. तिथं संत्र्याच्या बगीच्यात दुसरं घर धरलं होतं, मालक रोज निरोप धाडे. म्या भिंतीले हात लावला. वैशाखाचं ऊन, भिंत वरून तव्यावानी तापेल. म्हनलं, 'वाळली वैनी, चढवा खुशाल.' आतला चुना कच्चा होता, दादा! थापीच्या दांड्यानं ठोकून पाह्यलं असतं तं आवाजानंच सांगतलं असतं — कच्ची भिंत बद्द वाजते, पक्की खनखन. पोरासोरालेही समजते. म्या नाई ठोकलं. नुसता हात लावला, थैली उचलली, निघालो. चौथ्या दिवशी भिंत माळ्यासकट — ते तुले काय सांगू, तूच होता तिथं. तूच एकेक पोतं उचललं तिच्या अंगावरून. म्या तवा वरूडले सावलीत बसून भाकर खाऊन रायलो होतो.

अन् तू मले काहीच बोलला नाई. शिवी देली असती, खेटर हानलं असतं, तं बरं झालं असतं रे! तेरवीले आलो तं म्हनला, 'जेव.' बस. एवढंच. त्या दिवसापासून 'वाळली' हा शब्द माह्या तोंडातून निघत नाई. हे भिंत म्या रोज ठोकतो, खनखन वाजते, अन् तरी वाटते का आत असन, कुठंतरी असन. वाळली म्हनलं, अन् उद्या पडली तं? लोकं सांगतात, 'अशी कशी पडन नत्थुजी, पक्क्या इटेची हाये.' तवाही असंच म्हनत होते ना. — अन् परवा काय झालं सांगू? एक मैनाबाई म्हनून बाई आली, लहान पोराचा हात मोडेल. इथं फोटो निघत नाई म्हनून तिले अमरावतीले धाडलं. ह्याच दारासमोरून नेलं त्याले. तो हात धरून बोंबलून रायला होता, अन् म्या आत बादली घेऊन उभा. माह्याच्यानं दार नाई उघडलं. असा नीच मानूस हाये म्या, अन् तू मले मेढ रोवाले बोलावून रायला!

जा तू. पाच वाजता अकोटची यष्टी लागते, चुकन. शकुनले सांग, काकाले सुटी नाई भेटली. बाकी काही सांगू नको तिले. — तुह्याकडं तोंड करून बोलनं होत नाई माह्याच्यानं, म्हनून भिंतीकडं पाहून बोलतो, राग मानू नको. — हात नको लावू भिंतीले. दादा, ते थापी ठेव खाली. ठोकू नको, तुह्या पाया पडतो, नको ठो—

— ऐकलं म्या, खनखन वाजली. बहिरा नाई म्या. तू काही सांगू नको. 'वाळली' हा शब्द नको काढू. जा म्हनलं ना! जाताना दार घट्ट वढून घे.

दादा? — दार उघडंच ठेवलं काय गा? हवा येऊन रायली सारी. — अरे, अन् बादली? मशीनखालची बादली कुठं गेली? — दादा! बादली काहाले घेऊन चालला? चार वाजून रायले, डॉक्टरसाहेब येतीन, खाली फरशी कोरडी ठाक दिसून रायली, आता त्याईले काय सांगू म्या? — आंगनात ओतून देली! सारी ओतून देली! — अरे, दवाखान्याची बादली हाये ते, नाव लिवेल हाये तिच्यावर, फाटकावर चौकीदार धरन ना तुले! — दादा! ऐकत का नाई? थांब ना गा! — थांब, येतो म्या —