सरांना चहा नाही

बसा, सगळे बसा. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आज बोलायला उभं राहणं सोपं नाही. फिलोमिना आंटी, तुम्ही माझ्याकडे बघा. मी जे सांगणार आहे ते आधी तुमच्यासाठी आहे, मग बाकीच्यांसाठी.

आत्ता तिघं बोलून गेले. परेरा सर देवमाणूस होते म्हणे, कधी कोणाला दुखावलं नाही म्हणे. काय फेकता रे! आपल्या मुलुंडच्या गाळ्यात सरांची बोलणी न खाल्लेला एक माणूस हात वर करा. एक. बघा, आहे का कोणी?

सरांच्या गावठाणातून आलेल्या मंडळींना माहीत नसेल, म्हणून सांगते. आम्ही सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवतो. आत छोटा बोर्ड असतो, त्यावर कॉम्प्युटरसारखंच लिनक्स चालतं. नवीन बोर्ड आला की सरांचा कायदा ठरलेला. आधी त्यावरचा एक एलईडी आपल्या हुकमाने लावून दाखवायचा. दिवा लागत नाही तोवर चहा नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा मला दोन दिवस चहा मिळाला नाही. मी प्रोग्राममधून दिव्याची पिन, म्हणजे दिवा जिला जोडलाय ती तार, मागायची आणि बोर्ड उत्तर द्यायचा, बिझी. ट्रे आला की सर अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं ओरडायचे, "हिला नको! हिचा दिवा लागला नाय!" सगळे हसायचे. मी संडासात जाऊन रडायची. तिसऱ्या दिवशी सर स्टूल ओढून शेजारी बसले. म्हणाले, "पिन आतल्या ड्रायव्हर प्रोग्रामने धरलीय गो. त्याच्या हातातून कशाला खेचतेस? त्यालाच सांग ना." सांगितलं. लागला. सरांनी स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवला.

तो कप मी विसरले. ते हसणं मात्र माझ्या डोक्यात बसून राहिलं, वर्षानुवर्षं.

गेल्या वर्षी मी सरांची बॉस झाले. नवीन बोर्ड आले. त्यात दिव्याची पिन बदलली होती आणि कुठली पिन कशाला जोडलीय ते दाखवणारं नवं ड्रॉइंग माझ्या मेलवर आलं होतं. मी सरांना जुनं ड्रॉइंग छापून दिलं. चुकून? नाही हो. मुद्दाम दिलं. एक दिवस, फक्त एक दिवस, मला त्यांना बिनचहाचं बसलेलं बघायचं होतं.

सर हुकूम द्यायचे. बोर्ड म्हणायचा, दिवा चालू आहे. दिवा बंदच. ट्रे आला तशी मी केबिनबाहेर येऊन ओरडले, "सरांना चहा नाही!" हसलात ना सगळे? संदेश, तू हसलास. शिंदेताई, तुम्हीसुद्धा. सरही हसले. कायदा त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुसत केबिनमध्ये आले. "मेधा, ड्रॉइंग ह्याच बोर्डाचं आहे ना गो?"

मी म्हटलं, "ह्याचंच आहे सर. नीट बघा."

नीट बघा! मी, सरांना!

त्यांनी मीटर लावून पाहिला. दुसरा बोर्ड मागितला, मी दिला. तोही तसाच. चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, आता डोकं चालत नाही. मी सही केली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. मग ते आजारी पडल्याचं कळलं. हॉस्पिटलात सफरचंदं घेऊन गेले, डाळिंब जास्त चांगलं की सफरचंद यावर बोलले आणि परत आले.

परवा मरोळला सरांच्या घरी, आंटींकडे गेले. सरांनी जाताना घरी नेलेला तो बोर्ड आंटींनी पिशवीतून काढून दिला. म्हणाल्या, "शेवटपर्यंत हाच घेऊन बसायचा. म्हणायचा, फिलू, एक दिवा नाय लागत माझ्याच्याने, डोकं गेलं माझं. कंपनीचा माल आहे, घेऊन जा बाय."

मी घेऊन आले. प्रोग्राममध्ये नवी पिन लिहिली. मिनिटभरात लागला. तो बघा, फोटोपुढच्या मेणबत्तीशेजारी. हिरवा.

आंटी, सरांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. त्यांचा एकही हुकूम चुकीचा नव्हता. कागद खोटा होता आणि तो माझ्या हातचा होता. सर होते तसे वाईट बोलायचे, चारचौघांत उतरवायचे, पण मी अडले तेव्हा त्यांनी मला खोटा कागद दिला नाही. माफी मागत नाही मी. तुम्ही देऊही नका. मला शिव्या द्या, चर्चबाहेर चार लोकांना माझं नाव सांगा. फक्त घरी गेलात की त्यांच्या फोटोला एवढं सांगा, दिव्याची पिन बदलली होती म्हणून.

परेरा सर, ऐकायला तुम्ही हवे होतात. नमस्कार करते.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी तोंड उघडायचं नाही. मग बाहेर चहा आहे, तो घेऊन जा. चहावाल्याला मी सांगून ठेवलंय, मला चहा विचारायचा नाही.