गाऱ्हाण्याआधी खाल्लेली बर्फी

जबाब, दि. १८/०२/२०२५

नाव: लवू गोविंद तुळसकर. वय: ६३ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त, पूर्वी गोरेगाव येथील कारखान्यात फिटर. राहणार: रवळनाथ छाया सोसायटी, दुसरा मजला, नाहूर, मुलुंड पश्चिम, मुंबई.

मी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी जानकी हिच्यासह राहतो. मुलगा सुशांत याने दोन वर्षांपूर्वी बोरिवलीच्या नॅटली हिच्याशी लग्न केले. ती ख्रिस्ती असल्याने मी लग्नाला गेलो नाही व दोघांना घरात येण्यास मनाई केली. घरात त्यांचे नाव काढायचे नाही, असे जानकीलाही बजावले होते.

आमच्या सोसायटीचे चिटणीस नितेश पालव यांनी माझी सून नॅटली हिच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. रविवारी, दि. १६ रोजी सोसायटीच्या हॉलमध्ये सत्यनारायणाच्या पूजेत माझ्या अंगात देव आला असता तिने चपलांसकट आत शिरून देवाचा अपमान केला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याबाबत सांगतो.

दरवर्षी पूजेला मीच बसतो आणि गावच्या पद्धतीने गाऱ्हाणेही, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाला साकडे, मीच घालतो. यंदा गुडघे इतके दुखत होते की मांडी घालणे शक्य नव्हते. एका ओळखीच्या माणसाने भांगेच्या बर्फीचे चार तुकडे दिले होते, दुखणे पळते म्हणून. अर्धाच तुकडा खा, असे त्याने बजावले होते. त्याचे नाव विचारले तरी मी सांगणार नाही. चूक त्याची नाही, माझी आहे. दुपारी साडेबारा वाजता मी अर्धा तुकडा खाल्ला. सव्वा वाजेपर्यंत काहीच वाटले नाही. माल बोगस आहे असे समजून उरलेले सगळे खाल्ले. आयुष्यात मी विडीसुद्धा ओढलेली नाही, आणि दुसऱ्यांना त्यावरून बरेच ऐकवलेले आहे.

अंदाजे तीन वाजता मी गाऱ्हाणे घालायला उभा राहिलो. लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते. तो आवाज भिंतींतून येऊ लागला. पुढचे शब्द आठवेनात, छाती धडधडू लागली, अंग थरथरू लागले. "माका धरा, माझे पाय खंय गेले?" असे मी ओरडलो. त्यावर कोणी तरी "देव इलो रे!" म्हणाले. माझ्या कपाळाला गुलाल लावला, हातात नारळ दिला, तोंडासमोर कापूर पेटवला. लोक रांगेने पाया पडून प्रश्न विचारू लागले. मी पाणी मागितले, तर ते माझ्या अंगावर शिंपडले.

रांगेत जानकी आली. मी तिला ओळखले. तिने माझ्या पायांवर डोके ठेवून विचारले, "म्हाराजा, आमचो सुशांत घराक कधी येतलो?" दोन वर्षांत तिने हे मला एकदाही विचारले नव्हते. मला रडू आले. देव रडतोय म्हणून लोकांनी आणखी कापूर टाकला.

त्याच वेळी माझी सून नॅटली दारात आली. जानकीचा चष्मा दुरुस्त करून तिने आणला होता. त्या दोघी अधूनमधून भेटतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ती चपलांसकट आत आली, हे खरे आहे. तिने कापूर फुंकून विझवला, हेही खरे. देव शांत व्हावा म्हणून नितेश लिंबू पिळलेले ताक माझ्या तोंडात ओतत होते, तो पेला तिने बाजूला ढकलला. "अहो, धड शुद्धीत नाहीत ते. घशात अडकलं तर?" असे ती म्हणाली.

मग कानाशी येऊन तिने विचारले, "पप्पा, काय खाल्लंत? खरं सांगा, मी ओरडणार नाही." मी सांगितले. तिने लोकांना एवढेच सांगितले की, "पप्पांचं बीपी वाढलंय."

तिने मला शेजारच्या खोलीत नेले. खिडकी उघडली, कुशीवर निजवले, घोट घोट पाणी दिले. जवळच दवाखाना असलेल्या डॉ. अक्षता यांना फोन करून बोलावले व त्यांना मात्र किती तुकडे, किती वाजता, सगळे खरे सांगितले. डॉक्टरांनी नाडी व रक्तदाब पाहिला. ठोके जलद आहेत पण उतरतील, एकटे सोडू नका, छातीत दुखले किंवा हाक मारून जागे झाले नाहीत तर सरळ हॉस्पिटलात न्या, असे सांगून गेल्या.

मी मरणार अशी माझी खात्री झाली होती. माझी सून दर थोड्या वेळाने सांगत होती, "पप्पा, साडेपाच वाजले. तुम्ही नाहूरला आहात. मी नॅटली. हे उतरतं. आमच्या डेल्रॉयला पण झालेलं असं. मेलो मेलो करून सगळी आळी जमवली, आणि उठल्यावर पाच पाव खाल्ले." डेल्रॉय हा तिचा भाऊ. रात्री नऊपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. ज्या पोरीला मी उंबरा ओलांडू दिला नाही, तिच्या हाताला धरून मी लहान मुलासारखा पडून होतो. मला फार लाज वाटली, आणि बरेही वाटले.

काल पोलिसांनी विचारले असता तिने बीपीचेच कारण सांगितले, असे मला समजले. आजही हवालदार मॅडम म्हणाल्या, "काका, तब्येत बिघडली एवढंच लिहू. लोकांत कशाला शोभा?" तसे लिहू नये. माझ्या अंगात देव आला नव्हता, मला भांग चढली होती. माझी सून नॅटली हिने देवाचा अपमान केलेला नाही, तिने माझा जीव सांभाळला. ही गोष्ट मी नितेश व सोसायटीच्या लोकांसमोरही बोलायला तयार आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'सदर महिला' असे चार ठिकाणी टाईप झाले होते, तेथे 'माझी सून' असे करून घेतले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे, म्हणून सही करतो. जानकी बाहेर बाकावर बसली आहे. तिने देवाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तिला आता बाहेर जाऊन तोंडी देणार आहे.

सही/-
लवू गोविंद तुळसकर