धाकट्याची मेल

तुम्हीच सांगा ताई, माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर — सख्ख्या भावावर, की मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या पगारी माणसावर? तुमच्या आधी या खुर्चीत चष्मेवाला बसायचा. मी शाळा अर्धवट सोडलेला, लोखंडी साखळ्या विकून इथवर आलेला, म्हटलं शिकलेला आहे, याच्या हातात सोपवू. आणि धाकट्यानं त्यालाच फितवलं — माझी मेल परस्पर स्वतःकडे वळवली. माझ्याकडे प्रतसुद्धा नाही, बॉक्स साफ. बसा, चहा सांगितलाय. तर गोदीवाल्यांचा फोन — शेठ, तुम्हाला पाठवलेली मेल परत येतेय, आम्ही दुसरीकडून माल उचलला. एवढी मोठी ऑर्डर. मी तडक गोदामात. धाकटा साखळी मोजत उभा. म्हटलं, माझी मेल खाल्लीस? तर मलाच म्हणतो, दादा, तू माझी खाल्लीस. माझ्या तोंडावर — ज्याला मी सायकल शिकवली त्यानं. त्याच्याच हातातली साखळी ओढली मी आणि फिरवली. पहिल्या फटक्यात दात गेले. खाली पडला तरी तोंड चालूच, मग मीही थांबलो नाही. शेवटची कडी डोळ्यावर बसली. हमालांनी मला मागून धरलं, नाहीतर — जाऊ दे. डोळा गेला, भाऊ राहिला.

काय म्हणालात? त्यानं एकट्यानं वळवली असती तर ती त्याच्याकडे पोचली असती, परत गेली नसती? हुशार आहात. हो, त्याचीही माझ्याकडे वळवलेली होती, चष्मेवाल्याकडून मीच करून घेतलं होतं. म्हणून माझी त्याच्याकडे, त्याची माझ्याकडे, फिरून फिरून सर्व्हर थकला आणि गिऱ्हाइकाला परत. पण फरक आहे ना ताई — तो चोरत होता, मी मोठा भाऊ म्हणून लक्ष ठेवत होतो.

दवाखान्यातून तक्रार केलीय त्यानं. पोलीस येतील, हीच स्क्रीन बघतील. तेव्हा मी वळवलेलं तेवढं पुसा, त्यानं वळवलेलं राहू द्या. अहो, हात का काढलात? ठेवा, ठेवा माऊसवर. ही साखळी नुसती टेबलावर आहे, नमुन्याची. बोटं किती नाजूक तुमची.

झालं? शाबास. चहा राहिला, तो बाहेर घ्या. आणि उद्यापासून कोण कुणाची मेल कुठे वळवतो, सगळा हिशेब तुमच्याकडे. तेवढा प्रामाणिकपणे ठेवा, ताई.